तक्त्यावरची पेरणी

आक्का, तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

नर्सेसच्या संघटनेनं तुमच्यावर एक पान मागितलंय. "विमल सिस्टर, तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळच्या, तुम्हीच लिहा," तिथल्या बायका म्हणाल्या. त्यांना तुमच्या शिस्तीबद्दल, मायेबद्दल हवंय. ते बाकीच्या लिहितील. मला भांडायचंय आणि ज्यांच्याशी भांडायचं त्या तुम्हीच निघून गेलात.

खुब्याचं हाड मोडलं म्हणून तुम्ही आपल्या वॉर्डात आलात आणि पाठीच्या जखमेनं गेलात. ती जखम कशी झाली हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं आणि आपल्याकडच्या कंत्राटी नर्सला, पूजाला माहीत होतं. शेजारी स्टुलावर बसलेल्या तुमच्या मुलाला, अरुणला माहीत नव्हतं. "त्याला सांगू नको, कुणालाच सांगू नको, शब्द दे," असं तुम्ही माझा हात धरून म्हणालात. मी हात सोडवून घेतला. ते आपलं शेवटचं बोलणं. मी शब्द दिला नाही, पण म्हणून लगेच जाऊन सांगितलंही नाही. कुणाला, कधी, कसं सांगायचं, हे अकरा दिवस त्यातच गेले.

सुरुवात तुमच्यापासून झाली, तेव्हा तिथूनच सांगते.

मी हाडांच्या बायकांच्या वॉर्डात नवीन लागले तेव्हा तुम्ही इन्चार्ज होता. तेर गावाहून पहिल्या एसटीनं यायचात, पदर खोचायचात आणि पहिली हाक असायची, "पेरणी झाली का गं?" मला वाटलं बाईंच्या रानाबद्दल चाललंय. पेरणी म्हणजे कूस बदलण्याचा तक्ता भरणं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आठ, दहा, बारा, दोन. दर दोन तासांनी पेशंटला वळवायचं आणि त्या चौकटीत टिक करायची, असा नियम. तुम्ही ड्युटी सुरू होतानाच सगळ्या टिका एकदम करून घ्यायला लावायचात. ओळीनं दाणे टाकत गेल्यासारख्या.

"पण आक्का, अजून आठच वाजलेत," मी म्हणाले होते.

"मग? दोन वाजणार न्हायत का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग तुम्ही त्यामागची गोष्ट सांगितली. एके दिवशी वॉर्डात तीन पेशंट एकाच वेळी अत्यवस्थ होते, ड्युटीवरची नर्स सकाळपासून खाली बसली नव्हती. नेमके तेव्हाच साहेब तपासणीला आले. त्यांनी पेशंटकडे पाहिलंच नाही, तक्ता पाहिला. चौकटी रिकाम्या होत्या. त्या बाईला मेमो मिळाला आणि तान्हं मूल घेऊन ती बदलीच्या गावाला गेली. तेव्हापासून तुमच्या वॉर्डात चौकट रिकामी राहिली नाही.

हे मला पटलं होतं. तुमची टिक हा वायदा होता आणि तुम्ही तो पाळायचात. आठ वाजता बाराची टिक केली तरी बाराला तुम्ही पलंगापाशी असायचात. मावशीला हाक मारायचात, ड्रॉशीटची, पेशंटखालच्या आडव्या चादरीची, दोन टोकं दोघींनी धरायची, पाठीमागे उशी, गुडघ्यांमध्ये उशी, मग तळहात पाठीखाली सरकवून बघायचं. "पेशंट रग लागली म्हणाली की आधी वळव, मग काय ते विचार," हे तुमचंच. तुमच्या काळात आपल्या वॉर्डात बेडसोर, पडून पडून होणारी जखम, झालेली बाई मला आठवत नाही. जी यायची ती घरूनच घेऊन यायची.

आणि हेही लिहून टाकते, नाहीतर मी कृतघ्न ठरेन. एका पेशंटचा दीर दारू पिऊन माझ्या अंगावर आला होता. तुम्ही हातात बेडपॅन घेऊन मध्ये उभ्या राहिलात आणि त्याला म्हणालात, "भांडं रिकामं न्हाय बरं का, दादा." तो जिन्यापर्यंत पळाला. मी त्या दिवशी ठरवलं होतं, नोकरी करायची तर या बाईसारखी. तेच चुकलं. तुमचं सगळं उचललं, त्यात पेरणीही उचलली.

तुम्हाला वाटलं होतं पोरी तुमचा हातही शिकतायत. पोरी टिक शिकल्या. ते जास्त सोपं होतं. माणसं कमी होत गेली, पलंग वाढत गेले, दोन पलंगांच्या मध्ये गाद्या आल्या. पाळ्या हुकायला लागल्या. तक्ता मात्र भरगच्च. तुम्हाला हे दिसत होतं. दिसत नव्हतं असं आता म्हणू नका.

तुमच्या नोकरीचे शेवटचे काही महिने राहिले होते तेव्हा तो डॉक्टर टॅब घेऊन आला. कोणत्या पेशंटला बेडसोर होणार हे आधीच ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, आणि आपला वॉर्ड प्रयोगासाठी निवडलेला. तुम्ही पहिल्याच बैठकीत त्याला धारेवर धरलंत.

"लेकरा, कुणाच्या बुडाला जखम होणार ते आता टॅब सांगणार व्हय?"

"सांगणार, मॅडम. आणि नुसतं धोका आहे म्हणून थांबणार नाही. कशामुळे आहे तेही दाखवणार."

"त्ये तर म्या बी सांगते. चाळीस बायका अन् दोन नर्सा."

तो बिचारा लाजला. पण त्यानं समजावलं चांगलं. प्रत्येक पेशंटच्या नावाखाली पट्ट्या यायच्या. लाल पट्टी धोका वाढवणारी, हिरवी कमी करणारी. जी जितकी लांब, तितकं ते कारण मोठं. वय, साखर, खाणं, ओलं अंथरूण, स्वतःला हलता येतं का, दुखतंय का, कूस बदलली का. हे सगळं आपल्याच फॉर्मवरून आणि तक्त्यावरून त्यात भरलं जायचं. "यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका," तो म्हणाला, "म्हणून तर कारणं दाखवतोय. कारण चुकीचं वाटलं तर मला सांगा."

मग त्यानं आपला वॉर्ड उघडला. सगळा हिरवा. म्हाताऱ्या, साखरेच्या, पाय वजनाला बांधून सरळ झोपवलेल्या बायका, सगळ्या हिरव्या. आणि प्रत्येकीच्या नावाखाली सगळ्यात लांब हिरवी पट्टी एकच: कूस बदल, नियमित. "तुमच्या वॉर्डाचं कौतुक आहे, मॅडम," तो म्हणाला.

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत लावलात आणि माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं.

कपडे बदलायच्या खोलीत आपण भांडलो. ते भांडण मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"आक्का, ते यंत्र बाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलच्या नोंदींवर शिकून आलंय. तिथं टिक म्हणजे वळवलेला पेशंट. आपली टिक म्हणजे आपली पेरणी. त्याला फरक कळणार नाही."

"न्हाय कळलं तर न्हाय. गप बस."

"तो विचारतोय ना, कारण चुकीचं वाटलं तर सांगा म्हणून?"

"सांग की. उद्या सांग. परवा मेमो कुणाला येईल? मला न्हाय, म्या चालले. पोरींना येईल."

"आतापर्यंत खोटं कागदावर होतं. कागद कुणी वाचत नव्हतं. आता हे वाचतंय आणि त्यावरून ठरवतंय."

"अन् खरं सांगितल्यावर माणूस देणार हाय का ते तुझं यंत्र? देणार असंल तर म्या स्वतः जाते सांगायला."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण उत्तर नाही म्हणून खोटं खरं होत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. तुम्ही मला "टॅबवाली" म्हणायला लागलात आणि रिटायर झालात.

इथं माझा हिशोब येतो, तोही ऐका. तुमच्या जागी मी इन्चार्ज झाले. आता सांगणारी मीच होते. मी नाही सांगितलं. पहिल्या महिन्यात वाटलं बसू दे जरा घडी, नंतर वाटलं आता इतक्या उशिरा कुठल्या तोंडानं सांगू. तुमच्यावरचा राग मी तुमच्याच खुर्चीत बसून सांभाळला आणि सकाळी आल्यावर विचारत राहिले, "पेरणी झाली का गं?"

मग अंगणात पाय घसरून तुम्ही पडलात. अरुण म्हणाला खासगीत नेतो, तुम्ही म्हणालात माझ्या वॉर्डात न्या. साखर खाली येईना म्हणून ऑपरेशन पुढं गेलं. पायाला वजन बांधलेलं, तुम्ही सरळ पाठीवर. तुम्हाला मी माझ्या टेबलासमोरचा पलंग दिला. रोज सकाळी टॅब उघडायचे. वयाची पट्टी लाल, साखरेची लाल, हलता येत नाही त्याची लाल, आणि त्या सगळ्यांना ओढून खाली आणणारी एक लांबलचक हिरवी. गोळाबेरीज हिरवी.

ती पट्टी कशाची बनलेली आहे हे त्या सगळ्या हॉस्पिटलात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरीही हिरवा रंग बघून मी पुढच्या पेशंटकडे गेले, आक्का. रोज. दिवसातून दोनदा तुमच्याशी गप्पा मारल्या, साखर बघितली, लघवीची पिशवी बघितली. पाठ नाही बघितली. पाठीचं टॅब बघतोय ना.

सहाव्या दिवशी चादर बदलताना मला वास आला. मावशीला बोलावून तुम्हाला वळवलं. माकडहाडावर तळहाताएवढं काळं पडलेलं होतं, कडेनं ओलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"रग लागलीया थोडी. तीन-चार रोज झालं."

मी टॅबवर परत गेले. वेदना: नाही. रोज नाही. ही दुसरी हिरवी पट्टी. पूजा रोज विचारायची, "आक्का, दुखतंय का?" आणि तुम्ही म्हणायचात, "न्हाय." आपल्याकडे दुखणं वेगळं आणि रग वेगळी. हाड मोडलं तर दुखतं, एकाच अंगावर पडून अंग जड झालं, बधीर झालं, की रग लागते. त्या पोरीनं दुखतंय का विचारलं, फॉर्मवर तेवढंच होतं. पण तुम्ही? रग लागली म्हणाली की आधी वळव, हे वीस वर्षं शिकवणाऱ्या तुम्ही त्या पोरीला "न्हाय" म्हणालात?

मी पूजाला बाजूला घेतलं. ती रडत होती. म्हणाली, "मॅडम, मी पहिल्या दिवशी त्यांना वळवायला गेले होते. दुसरं कुणी नव्हतं. वजन लावलेलं, एकटीला जमेना. त्याच म्हणाल्या, राहू दे, राउंड यायलाय, आधी माझी पेरणी करून घे. नंतर रोज म्हणायच्या, त्या तिकडच्या म्हातारीला बघ, माझं चाललंय."

तुमची पेरणी, तुमच्या पाठीवर, तुमच्याच सांगण्यावरून.

मी तुमच्यापुढं येऊन उभी राहिले. अरुण औषध आणायला खाली गेला होता. मी आवाज खाली ठेवला, एवढंच. "का बोलला नाहीत?"

"बोलले असते तर त्या पोरीला घालवलं असतं. कंत्राटी हाय. बापाला दिसत न्हाय तिच्या."

"मला बोलायचं."

"तू टॅबवाली. तू लगेच सांगितलं असतंस."

"आता सांगणार आहे."

तेव्हा तुम्ही हात धरलात. शब्द मागितलात. "माझ्या नावानं कुणाला मेमो नको, विमल. अरुणला तर न्हायच. त्यो तापट हाय, पोरींवर धावून जाईल. म्या जगले तर बघू, मेले तर मेले. माझं वय झालंय."

"तुमचं वय झालंय, तिकडच्या म्हातारीचंही झालंय," मी म्हणाले. "तिलाही असंच मारायचं का?" आणि हात सोडवून घेतला.

हे मी बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. मी परत तेच बोलेन. जखम साफ केली, हवेची गादी मिळवली, दर दोन तासांनी स्वतः वळवलं. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, मी तुमच्याशी बोलले नाही. तीन दिवसांनी ताप चढला, तुम्हाला सोलापूरला हलवलं. गाडीत चढवताना ड्रॉशीटचं एक टोक माझ्या हातात होतं. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. झोपला नव्हता, मला कळतं. पुढच्या आठवड्यात अरुणचा फोन आला.

फोननंतर चौथ्या दिवशी मी त्या डॉक्टरला बोलावून सगळं सांगितलं. तो बराच वेळ टॅब उलटासुलटा करत बसला. मग त्यानं कूस बदलण्याचा रकाना काढून टाकला आणि तुमचं नाव परत चालवलं. "सिस्टर," तो म्हणाला, "दुसऱ्या दिवसापासून लाल आहे." यंत्र वेडं नव्हतं, आक्का. ते पहिल्या दिवसापासून आपल्याला सांगत होतं की मी तुमच्या टिकांवर टेकून उभं आहे. त्यानं कारण दाखवलं होतं. कारण वाचून गप्प बसणाऱ्या आपण दोघी होतो.

वरच्या साहेबांना मी लेखी दिलं. ही पद्धत इतकी वर्षं चालू होती, तुम्ही सुरू केली, मी चालू ठेवली, पोरी आमच्या सांगण्यावरून करत होत्या. तुमचं नाव लिहिलं. माझं लिहिलं. पूजाचं लिहिलं नाही. मेमो मला आलाय. पोरी माझ्याशी कामापुरतं बोलतात. पेरणी बंद आहे, तक्त्यावर निम्म्या चौकटी रिकाम्या असतात, सगळा वॉर्ड टॅबवर लालभडक आहे आणि वरून रोज फोन येतो की तुमचा वॉर्ड एकदम इतका कसा बिघडला. माणूस अजून एकही वाढलेला नाही. त्या एका बाबतीत तुम्ही बरोबर होता. घ्या.

राहिला अरुण.

काल तो आला. तेराव्याचं सांगायला आणि तुमच्या फाइलची प्रत घ्यायला. दाढी वाढलेली, एसटीनं उभ्यानं आलेला. मी चहा मागवला. तो म्हणाला, "विमलताई, आईचं तुम्ही सगळ्यांनी लई केलं. ती म्हणायची, माझ्या पोरी मला फुलासारखं जपायल्यात."

तुम्ही त्याला असं म्हणाला होता. तिथं पडल्या पडल्या, खाली ते होत असताना.

"अरुण," मी म्हणाले, "बस. आम्ही नाही केलं."

ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला सांगतो तसं सांगितलं. काय झालं, कधी झालं, कशामुळे झालं. पेरणी सांगितली, टॅब सांगितला, तुम्ही शब्द मागितला तेही सांगितलं. पूजाचं नाव त्यानं विचारलं नाही, मी घेतलं नाही. तो कुणावरही धावून गेला नाही, आक्का. 

मग त्यानं विचारलं, "वळवायचं म्हणजे काय करायचं असतं, ताई?"

समोर एक पलंग रिकामा होता. मी त्यावर एक कांबळं लांबट गुंडाळून ठेवलं, खाली ड्रॉशीट घातली आणि दाखवलं. एक टोक तू धर, एक मी धरते. एकदम उचलायचं नाही. मोडलेला पाय सरळच ठेवायचा, मध्ये उशी. थोडं कलतं केलं तरी पुरे, पाठीमागे उशी सारायची. मग हात घालून बघायचं.

"एवढंच?"

"एवढंच. दर दोन तासांनी."

"म्या तर तिथंच बसलेलो होतो की," तो म्हणाला. "सकाळपासून दिवे लागेपर्यंत. रोज. मला कुणी म्हटलं असतं तर..."

तो पलंगाकडे वळला. कांबळं परत सरळ केलं, ड्रॉशीटचं टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. मला म्हणाला, "धरा." आम्ही दोघांनी वळवलं. त्यानं पाठीमागे उशी लावली, मध्ये उशी लावली, तळहात खाली सरकवून बघितला.

एकदा सांगितल्यावर त्यानं सगळं बरोबर केलं, आक्का.